पाच गोळ्या, पाच कारणं: औषधं लिहून दिली, पण घेतली गेली नाहीत असं एक प्रकरण

एक शिक्षिका, वय ५४. बारा वर्षांपासून उच्च रक्तदाब, सात वर्षांपासून टाइप २ मधुमेह. रक्तदाब कशानेही आटोक्यात येत नाही म्हणून त्या तपासणीसाठी वॉर्डात दाखल झाल्या. कागदावर पाच औषधं होती: टेल्मिसार्टन ८० मिलिग्रॅम, अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम, क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम (ही तिन्ही रक्तदाबाची, त्यातलं शेवटचं लघवी वाढवणारं), मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम. दाखल होताना रक्तदाब १७०/१००, एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.४ टक्के, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १४६. किडनीचं काम व्यवस्थित, ईसीजीमध्ये विशेष काही नाही.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही, हे आधीच सांगतो. अशा रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका बाईंच्या रूपात एकत्र आणल्या आहेत. संशोधनांचे उल्लेख मात्र जसेच्या तसे आहेत.

बाईंच्या फाइलमध्ये मागच्या दोन वर्षांची कहाणी सरळ दिसत होती. प्रत्येक भेटीत रक्तदाब वाढलेला. प्रत्येक भेटीत प्रश्न एकच, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ उत्तरही एकच, ‘हो.’ मग टेल्मिसार्टन ४० चं ८० झालं, नंतर क्लोरथॅलिडोन आलं, पुढे अ‍ॅम्लोडिपिन आलं, तेही ५ वरून १० वर गेलं. शेवटच्या पानावर ‘औषधांना दाद न देणारा रक्तदाब’ असा शेरा होता. कागदापुरतं पाहिलं तर तो चूक म्हणता येत नाही. तीन वेगवेगळ्या प्रकारची औषधं पुरेशा डोसमध्ये, त्यात एक लघवी वाढवणारं, आणि तरी रक्तदाब चढाच, ही त्या निदानाची नेहमीची व्याख्या आहे. यानंतरची पायरी म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी आणि बहुतेक वेळा चौथं औषध.

तिथवर जायची गरज पडली नाही.

वॉर्डात काय झालं

वॉर्डात पाचही औषधं नर्सच्या हातून, समोर पाणी देऊन, लिहिलेल्या वेळेला दिली गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई पलंगावरून उठल्या आणि त्यांना भोवळ आली. झोपून मोजलेला रक्तदाब १०४/६४ आणि उभं राहिल्यावर ८८/५६ होता. ताप नव्हता, रक्तस्राव नव्हता, हिमोग्लोबिन ठीक होतं, खाणंपिणं नीट चालू होतं. दोन वर्षं कशालाही दाद न देणारा रक्तदाब अठ्ठेचाळीस तासांत इतका खाली आला होता की गोळ्या थांबवाव्या लागल्या.

वॉर्डातल्या विश्रांतीने रक्तदाब थोडा उतरतो, दवाखान्यातल्या धास्तीने चढलेला भागही ओसरतो. पण एवढी मोठी घसरण तेवढ्याने होत नाही. सरळ अर्थ असा की औषधं उत्तम लागू पडत होती, ती आजवर पोटात पूर्ण जातच नव्हती. डोस वाढवले गेले ते न घेतलेल्या गोळ्यांचे. यातला धोका नीट लक्षात घ्यायला हवा. घरी अर्धवट घेणाऱ्या माणसाला कागदावरचा पूर्ण डोस एकदम मिळाला तर तो पडू शकतो, त्याचं हाड मोडू शकतं. म्हणून दाखल रुग्णाची औषधं फाइलमधून उतरवून घेताना ‘घरी यातलं नक्की काय घेत होता?’ हे विचारलंच पाहिजे.

हे काही विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांत उपचार पाळण्याचं प्रमाण सरासरी पन्नास टक्क्यांच्या आसपास आहे. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या एका तज्ज्ञ दवाखान्यात रक्तदाबाच्या रुग्णांची लघवी तपासून औषधांचे अंश शोधले, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा रुग्ण औषधं अर्धवट घेत होते किंवा अजिबात घेत नव्हते. ही मंडळी तज्ज्ञांकडे पोहोचलेली, म्हणजे आजाराची दखल घेणारी होती.

पिशवी

बाईंच्या मुलीला घरातली सगळी औषधं, उरलेली, जुनी, अर्धी, जशी असतील तशी एका पिशवीत घालून आणायला सांगितलं. दुपारी राउंड आटोपल्यावर ती पिशवी पलंगाच्या टेबलावर रिकामी केली. मुलीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, कारण घरच्यांसमोर माणूस घरात सांगितलेलंच उत्तर पुन्हा देतो.

प्रश्नही बदलून विचारला. ‘गोळ्या चालू आहेत ना?’ या प्रश्नात ‘हो’ हे उत्तर आधीच भरलेलं असतं. नाही म्हणायचं तर समोरच्याचं मन मोडावं लागतं. त्याऐवजी असं विचारलं: “इतक्या गोळ्या असल्या की बहुतेकांच्या काही ना काही राहून जातात. गेल्या आठवड्यात तुमच्या कोणत्या राहिल्या?”

बाई थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, “खरं सांगू? सगळ्या घेत नाही मी. पण टाकूनही देत नाही. माझा आपला एक हिशोब आहे.”

हा ‘हिशोब’ या प्रकरणाचा गाभा आहे. रुग्ण डॉक्टरांना औषध घेतल्याचं खोटं सांगतात, ही नोंद हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथसंग्रहातही सापडते. तेव्हापासून आजवर या गोष्टीकडे बहुतेक वेळा सवयीचा किंवा शिस्तीचा दोष म्हणूनच पाहिलं गेलं. टेबलावरच्या पाकिटांमध्ये बेशिस्त दिसत नव्हती. प्रत्येक पाकीट वेगळ्या पद्धतीने रिकामं झालं होतं आणि प्रत्येकामागे वेगळं कारण होतं. बाई ‘औषध न घेणाऱ्या रुग्ण’ आहेत असं म्हणता येत नव्हतं. त्या एक गोळी अर्धी पाळत होत्या, एक फक्त सुटीला घेत होत्या, एक त्यांनी विचार करून सोडली होती.

टेल्मिसार्टन: डोकं जड झालं की

टेल्मिसार्टनच्या पाकिटावर दिल्याची तारीख दहा आठवड्यांपूर्वीची होती. तीस गोळ्यांपैकी अकरा उरल्या होत्या. बाई म्हणाल्या, “बीपी वाढलं की मला कळतं. मान आखडते, डोकं जड होतं. मग तीन-चार दिवस घेते. बरं वाटलं की थांबते. उगाच रोज घेतली तर शरीराला सवय लागेल, मग खरी गरज पडेल तेव्हा गोळी चालणारच नाही.”

हे नुसतं अज्ञान म्हणून सोडून देण्यासारखं नाही. आजाराला लक्षणं असतात, लक्षण आलं की औषध घ्यायचं, लक्षण गेलं की थांबायचं, हा नियम डोकेदुखीला, सर्दीला, पित्ताला आयुष्यभर बरोबर ठरलेला असतो. बाईंनी तोच इथे लावला. मेयर, लेव्हेंथल आणि गुटमन यांनी १९८५ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. ‘रक्तदाब वाढलेला माणसाला कळत नाही’ हे विधान बहुतेक रुग्णांना मान्य होतं, पण स्वतःबद्दल विचारल्यावर ‘मला मात्र कळतं’ असंही त्यातल्या बहुतेकांनी सांगितलं. डॉक्टरने दिलेली माहिती आणि स्वतःच्या अंगाचा अनुभव एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहतात, आणि गोळी घ्यायची वेळ आली की अनुभव जिंकतो.

म्हणून आणखी एक व्याख्यान देऊन उपयोग नव्हता. १९७५ मध्ये कॅनडातल्या पोलाद कामगारांवर सॅकेट, हेन्स आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही कामगारांना कामाच्या ठिकाणीच उपचाराची सोय दिली, काहींना रक्तदाबाबद्दल नीट शिकवलं. शिकवलेल्यांना माहिती खरोखर आली, पण गोळ्या घेण्यात फरक पडला नाही. पुढच्या वर्षी त्याच गटाने औषध न पाळणाऱ्या कामगारांना घरी रक्तदाब मोजायला, मोजलेलं लिहून ठेवायला आणि गोळी रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडायला लावलं, वर नियमित भेटीही ठेवल्या. तेव्हा गोळ्या घेण्याचं प्रमाण वाढलं. माझ्या मते दीर्घकालीन औषधांबद्दलच्या सगळ्या संशोधनात हे दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला माहितीची मर्यादा दाखवतो. दुसऱ्यात रुग्णाच्या हातात स्वतःचे आकडे येतात.

बाईंना रक्तदाब मोजायचं यंत्र वापरायला शिकवलं आणि एकच काम दिलं. डोकं जड वाटेल तेव्हा मोजा आणि अगदी छान वाटत असेल तेव्हाही मोजा. शेजारी लिहा, ‘जड’ किंवा ‘छान’. तुमचं म्हणणं बरोबर की माझं, ते वही सांगेल. बाई शिक्षिका. वही म्हटल्यावर चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

क्लोरथॅलिडोन: शाळेचे दिवस

या पाकिटाला फारसा हातच लागला नव्हता. बाई लगेच म्हणाल्या, “ही सुटीच्या दिवशी घेते. शाळा असली की नाही.”

कारण विचारलं तर त्यांनी दिवसच उलगडून सांगितला. सकाळी सातला वर्ग. दोन तासांच्या मध्ये पाच मिनिटं, त्यात एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायचं. स्वच्छतागृह दुसऱ्या टोकाला. चाळीस मुलांना एकटं टाकून मध्येच जाता येत नाही. ही गोळी सुरू झाली त्या पहिल्या आठवड्यात एकदा फळ्यासमोर उभं असताना झालेली घालमेल त्या अजून विसरलेल्या नव्हत्या. डॉक्टरांना हे का सांगितलं नाही, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “पुरुष डॉक्टर. आणि त्यांच्या दृष्टीने हे काय कारण झालं?”

माझ्या दृष्टीने हे पूर्ण कारण आहे. शिक्षक, वाहनचालक, सुरक्षारक्षक, कारखान्यात पट्ट्यावर उभे राहणारे कामगार, या सगळ्यांना ‘सकाळी एक’ असं लिहून देताना कागदावर त्यांचा दिवस कुठेच नसतो. तोडगाही फार अवघड नाही. क्लोरथॅलिडोन शरीरात दीर्घकाळ टिकतं, त्याचा अर्धायुकाल (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण ४० ते ६० तासांचा आहे, त्यामुळे घेण्याची वेळ काही तासांनी सरकली तरी रक्तदाबावरचा परिणाम बिघडत नाही. शिवाय लघवीचा जोर सुरुवातीच्या काही आठवड्यांत जास्त असतो, पुढे तो बराच ओसरतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाइम नावाच्या ब्रिटनमधल्या चाचणीत एकवीस हजारांहून अधिक लोकांनी रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी किंवा संध्याकाळी घेतल्या. हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे रक्तदाबाची गोळी ज्या वेळी खरोखर घेतली जाईल तीच तिची योग्य वेळ. हे वाक्य ऐकलं असतं तर दोन वर्षांपूर्वीच शाळेतून घरी आल्यावर गोळी घेतली असती, असं बाई म्हणाल्या.

अ‍ॅम्लोडिपिन: घोटे

अ‍ॅम्लोडिपिन बाईंनी सुरुवातीला रोज घेतलं. १० मिलिग्रॅम झाल्यावर तीन आठवड्यांत घोटे सुजले, संध्याकाळी चपलेचे पट्टे रुतू लागले. त्यांना वाटलं, किडनी गेली. मधुमेह असल्यामुळे ही भीती त्यांच्या मनात आधीपासून होती. गोळी बंद केल्यावर सूज उतरली. मग ‘गोळीनेच किडनीला धक्का बसत होता’ अशी त्यांची खात्री झाली आणि त्या भीतीने बाकीच्या गोळ्यांवरचा विश्वासही डळमळला.

ही सूज किडनीची नसते. अ‍ॅम्लोडिपिनने सूक्ष्म धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या सैलावत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. डोस वाढला की सूज वाढते. लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही, डोस कमी केल्याने किंवा टेल्मिसार्टनसारखं औषध जोडीला नीट घेतल्याने कमी होते. बाई टेल्मिसार्टन अधूनमधूनच घेत होत्या, म्हणून ती जोड मिळतच नव्हती. एका औषधातला खंड दुसऱ्याचा दुष्परिणाम वाढवत होता. पाच गोळ्यांकडे एकत्र पाहिल्याशिवाय हे दिसत नाही.

मेटफॉर्मिन

इथे मात्र साधं विसरणं होतं. सकाळची गोळी नियमित, रात्रीची आठवड्यातून दोन-तीनदाच. रात्री वह्या तपासायच्या, कुणाचा फोन, मग झोप. दिवसातून किती वेळा औषध घ्यायचं यावर किती पाळलं जातं ते ठरतं, हे क्लॅक्सटन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं. दिवसातून एकदाच घ्यायच्या औषधाचे सरासरी ७९ टक्के डोस घेतले जात होते, चारदा घ्यायच्या औषधाचे ५१ टक्के. बाईंना तोच एकूण डोस हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात, दिवसातून एकदाच, सकाळच्या खाण्यासोबत दिला. या गोळीबद्दल एवढंच.

अ‍ॅटोर्वास्टॅटिन: रिपोर्ट नॉर्मल आला

हे पाकीट सगळ्यात जुनं होतं. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची, सहा गोळ्या वापरलेल्या.

बाईंनी आधी सांगितलं, “या गोळीने पाय दुखतात. पोटऱ्या.” मग बोलता बोलता दुसरी गोष्ट निघाली. गोळी सुरू केल्यावर तीन महिन्यांनी रक्त तपासलं, एलडीएल ८२ आलं, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलं होतं. आजार बरा झाला, मग औषध कशाला? त्यांनी बंद केलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी पुन्हा लिहून दिलं तेव्हा मैत्रिणीकडून या गोळ्यांनी स्नायू झिजतात असं ऐकलेलं होतं. सहा गोळ्या घेतल्या, पोटऱ्या दुखल्या, संपलं.

मी त्यांना विचारलं, “पोटऱ्या शेवटच्या कधी दुखल्या?”

“परवाच. जिना चढताना.”

दोघांनीही पाकिटावरची तारीख पुन्हा वाचली. गोळी बंद होऊन वर्ष उलटलं होतं, पोटऱ्या अजून दुखत होत्या. हे दाखवून द्यावं लागलं नाही, बाईंनीच तारखेवर बोट ठेवलं.

अ‍ॅटोर्वास्टॅटिन ज्या गटातलं आहे त्या स्टॅटिनमुळे काही लोकांचे स्नायू खरोखर दुखतात आणि क्वचित गंभीर इजाही होते, हे नाकारून चालणार नाही. पण ब्रिटनमध्ये झालेल्या सॅमसन या चाचणीत, स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडलेल्या साठ लोकांना एक वर्षभर काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं. आपण कोणत्या महिन्यात कोणती गोळी घेतोय हे त्यांना माहीत नव्हतं. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास वाढला, त्याचा सुमारे ९० टक्के भाग निष्प्रभ गोळीच्या महिन्यांतही दिसला. त्रास खोटा नव्हता. लोकांना खरंच दुखत होतं. पण दुखण्याचं कारण बहुतांशी गोळी घेण्याच्या अपेक्षेत होतं, तिच्यातल्या औषधात नव्हतं. असं दुखणं असलेल्याला ‘मनाचे खेळ आहेत’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे आणि निरुपयोगीही. बाईंचं सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासलं, ते ठीक होतं. पायांतला रक्तपुरवठाही तपासला, कारण मधुमेहात जिना चढताना पोटऱ्या दुखणं दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. पायाच्या नाड्या चांगल्या लागत होत्या.

‘नॉर्मल’ या छापील शब्दानेही नुकसान केलं होतं. गोळीमुळे आलेला आकडा रुग्णाला गोळीची गरज संपल्याची खूण वाटतो. रिपोर्ट हातात देताना ‘हे गोळीचं काम आहे, गोळी थांबली की आकडा परत वर जाईल’ एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. एलडीएल १४६ हा त्या न बोललेल्या अर्ध्या मिनिटाचा आकडा होता.

सांगितलं का नाही

पाच कारणं समजली तरी एक प्रश्न उरतो. दोन वर्षांत बाईंनी यातलं काहीच कसं बोलून दाखवलं नाही?

त्यांच्या बोलण्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एकदा त्यांनी ‘कधीकधी राहते’ असं सांगितलं होतं. त्यावर ‘असं करत राहिलात तर एक दिवस पक्षाघात होईल’ असं उत्तर मिळालं. पुढच्या भेटीपासून त्या ‘हो’ म्हणू लागल्या. भीती घालून गोळी पोटात गेली नाही. फक्त माहिती बंद झाली, आणि माहिती बंद झाली म्हणून डोस वाढत गेले. दुसरी गोष्ट त्यांनी हळू आवाजात सांगितली: “रोज पाच गोळ्या तळहातावर घेतल्या की मी म्हातारी, आजारी बाई आहे असं वाटतं. एखाद्या दिवशी नाही घेतल्या तर त्या दिवशी मी बरी असते.”

रॉबर्ट हॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९९९ पासून औषधांबद्दलच्या समजुतींवर जे काम केलं, त्यात रुग्णाच्या मनातल्या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात: या औषधाची मला गरज आहे असं किती वाटतं, आणि या औषधाची मला काळजी किती वाटते. काळजी गरजेपेक्षा जड झाली की गोळी राहू लागते. बाईंच्या बाबतीत गरज जवळजवळ शून्य होती, कारण त्यांना रक्तदाबाचा रोजचा त्रासच नव्हता. काळजी मात्र भरपूर होती: सवय लागेल, किडनी जाईल, स्नायू झिजतील, शाळेत लाज जाईल, आपण म्हातारे ठरू. या तराजूत कुणीही गोळी घेतली नसती.

खर्चाबद्दलही विचारलं, कारण ते न विचारता सोडू नये. बाईंना खर्च अडचणीचा नव्हता. अनेकांना असतो आणि तिथे तोच पहिला प्रश्न असतो. पण खर्च दूर केला म्हणजे सगळं सुटतं असंही नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना औषधं पूर्ण मोफत दिली. २०११ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा औषधं घेण्याचं प्रमाण चार ते सहा टक्क्यांनीच वाढलेलं दिसलं. झटका येऊन गेलेले, मोफत औषध मिळणारे लोकही मोठ्या संख्येने ते घेत नव्हते.

नवा कागद

पाचही गोळ्या जशाच्या तशा पुन्हा सुरू करणं धोक्याचं होतं, कारण आता बाई त्या खरोखर घेणार होत्या. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ एकाच गोळीत दिलं. संयुक्त गोळ्यांनी पाळण्याचं प्रमाण वाढतं याला चांगला आधार आहे. भारत आणि युरोपात झालेल्या अम्पायर चाचणीत (२०१३) एकाच गोळीत अनेक औषधं मिळालेल्यांपैकी ८६ टक्के लोक औषधं नियमित घेत होते, वेगवेगळ्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ६५ टक्के. क्लोरथॅलिडोन तूर्त थांबवलं. वहीतले आकडे पाहून लागलंच तर शाळेतून आल्यावर घ्यायचं ठरलं. अ‍ॅटोर्वास्टॅटिन कोणत्याही वेळी घेतलं तरी चालतं, म्हणून तेही सकाळीच. म्हणजे सगळं सकाळी एकदा, तीन गोळ्या, शाळेला निघण्याआधी चष्मा पुसायच्या वेळी. ही वेळ बाईंनी स्वतः निवडली.

स्टॅटिनवर लगेच होकार मिळाला नाही. “आधी बीपीचं बघू,” त्या म्हणाल्या. ते मान्य केलं. तीन गोळ्यांवर खोटा होकार घेण्यापेक्षा दोनांवर खरा होकार घेणं मला पटतं. कारण खोट्या होकारावर पुढचा डॉक्टर पुन्हा डोस वाढवतो.

फाइलमधला ‘दाद न देणारा’ हा शेरा खोडून तिथे लिहिलं: औषधं पूर्ण घेतल्यावर रक्तदाब ८८/५६ पर्यंत उतरला. डोस वाढवण्याआधी घेतलेल्या गोळ्या मोजाव्यात.

सहा आठवडे आणि तीन महिने

सहा आठवड्यांनी बाई वही घेऊन आल्या. स्वच्छ अक्षर, आखलेले रकाने. ‘जड’ लिहिलेल्या एका दिवशी १२८/७८. ‘छान’ लिहिलेल्या दुसऱ्या एका दिवशी, जेव्हा दोन दिवस गोळी राहिली होती, १५६/९४. बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली होती. डोकं जड होणं बंद झालं नव्हतं. त्याचा संबंध झोपेशी असावा असं आता त्यांचं मत होतं, आणि वही पाहता ते पटण्यासारखं होतं.

घरचा सरासरी रक्तदाब १३४/८२ होता. घोटे सुजले नव्हते. क्लोरथॅलिडोनची गरज उरली नाही. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.३ झालं. स्टॅटिन त्यांनी दुसऱ्या भेटीत अर्ध्या डोसने सुरू केलं, पोटऱ्या कधी दुखतात ते वहीत लिहायच्या अटीवर. ते अजून अधूनमधून राहतं आणि त्या ते सांगतात.

एक अडचण सुटलेली नाही. शाळेला लांब सुटी लागली की सकाळचा क्रम मोडतो, चष्मा पुसायची वेळ सरकते आणि सलग पाच-सहा दिवसांच्या गोळ्या राहतात. २००८ मध्ये व्रायन्स आणि सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या होत्या. त्यांच्या गोळ्यांच्या बाटलीचं झाकण कधी उघडलं हे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदलं जात होतं. त्यात जवळपास निम्म्या रुग्णांनी वर्षाच्या आत औषध सोडलं होतं. जे टिकले त्यांच्या राहिलेल्या डोसांपैकी बरेचसे एकेकटे नव्हते, सलग काही दिवसांच्या खंडात राहिले होते. एखादी गोळी राहिली तर अ‍ॅम्लोडिपिनसारखं दीर्घकाळ टिकणारं औषध ते सांभाळून घेतं. आठवडाभराचा खंड ते सांभाळू शकत नाही. म्हणून पुढची भेट नेहमीप्रमाणे तीन महिन्यांनी न ठेवता सुटी लागण्याच्या आदल्या आठवड्यात ठेवली आहे. सुटीतल्या दिवसासाठी गोळी कशाला जोडायची, ते बाई तेव्हा सांगणार आहेत.